प्रेरणा : कुठे, कधी व कोणत्या घाटावर

पुणे-सातारा पट्ट्यातल्या हौशी चित्रकार, कवी आणि छायाचित्रकार मंडळींत प्रेरणेला वर्षभर मागणी असते. पुरवठा मात्र हंगामी. त्यामुळे अनेक होतकरू ऐन हंगामात हात हलवत परततात. तसं होऊ नये म्हणून पुढील मार्गदर्शन. सूचना क्रमाने पाळाव्यात. मधल्या गाळून थेट चित्र काढायला बसणाऱ्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही.

१. ऋतू निश्चित करणे

पंचांगाप्रमाणे ज्येष्ठ आणि आषाढ हे ग्रीष्माचे महिने. प्रत्यक्षात ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि आषाढात ताम्हिणीच्या रस्त्यावर गाडीचे दिवे लावून ढगातून वाट काढावी लागते. अंगावरचे कपडे पिळत असताना वहीत ग्रीष्म लिहावा की वर्षा, असा पेच इथे पडतो. त्यावर उपाय एकच : सरळ श्रावण लिहावा. श्रावणात ऊन, पाऊस, इंद्रधनुष्य आणि सणवार एकाच ठिकाणी मिळतात. बालकवींनंतर श्रावणावर नवीन लिहायला फारसं उरलेलं नाही. पण त्यामुळे कवितांच्या संख्येत घट झाल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

२. साहित्य

निसर्गचित्रासाठी जलरंगच घ्यावेत. या माध्यमात हवामान आपल्या बरोबरीने काम करतं, त्यामुळे दोष वाटून घेता येतो. जुलैत घाटमाथ्यावर आकाशाचा वॉश दिला की तो तासभर वाळत नाही आणि हळूहळू स्वतःहून डोंगरात उतरतो. याला वातावरणनिर्मिती म्हणावं. एप्रिलच्या दुपारी तोच वॉश ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत वाळतो आणि आकाशाच्या मधोमध कडक रेघ पडते. याला शैली म्हणावं. कागद ३०० जीएसएमचा असावा, म्हणजे चित्र फसलं तरी मागची बाजू कामी येते. गोल टोपी अनिवार्य. ती नसेल तर गावकरी आपल्याला मोजणीवाले समजून सातबाऱ्याची चौकशी करतात.

३. स्थळ : वाई-मेणवली

कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ, पलीकडे मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याखालचा घाट. घाटावर एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांकडून आलेली. एवढी सामग्री एका जागी असल्यामुळे तिथे बसायलाच जागा नसते. अशा वेळी नवा कोन शोधण्याचा मोह आवरावा. ज्या पायरीवरून सगळे काढतात तीच धरावी, म्हणजे पाहणाऱ्याला चित्र ओळखू येतं आणि ओळखू येणारं चित्र विकलं जातं.

घाटावर कपडे धुणाऱ्या बाई गाऊनमध्ये असतील, तर चित्रात त्यांना लाल लुगडं नेसवावं. हिरव्या-करड्या चित्रात लाल ठिपका लागतोच, आणि तो पुरवण्याची जबाबदारी वर्षानुवर्षं त्याच बाईंवर आहे. प्लॅस्टिकची बादली तांब्याची करावी. डिश अँटेना, पत्र्याची शेड आणि लग्नाच्या शुभेच्छांचा फलक गाळावा. उरतो तो निसर्ग.

४. स्थळ : कास

साताऱ्याहून वर चढलं की कासचं पठार. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यामुळे मोठी झाडं तिथे धरत नाहीत. तेरडा, गेंद, सीतेची आसवं या मंडळींना पाऊस ओसरून माती सुकायच्या आत उगवायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं. म्हणजे पठारावर सगळेच घाईत. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि माणसांचीही घाई वाढली.

प्रेरणेसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी. प्रेरणा उत्स्फूर्त असली, तरी तारीख आणि वेळ भरल्याशिवाय आत सोडत नाहीत. टोपली कारवी सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा महाकाव्याचा बेत असेल तर त्या हिशेबाने रजा टाकावी. सीतेची आसवं हे नाव वाचून डोळे पाणावले तर हरकत नाही. पण ही वनस्पती बारीक किडे पकडून खाते, हे कवितेच्या शेवटच्या कडव्यापर्यंत उघड करू नये.

५. उन्हाळी नियोजन

पळस, पांगारा आणि काटेसावर पानं झाडून फुलतात, बहुतेक फाल्गुनाच्या आगेमागे. निष्पर्ण फांद्यांवरचा तो लाल-केशरी कागदावर उतरवणं अवघड असतं. सुदैवाने तेव्हा मार्चअखेर असते आणि कुणालाच सुट्टी मिळत नाही.

गुलमोहर मात्र मे महिन्यात शाळांना सुट्ट्या असताना फुलतो, म्हणून तो सोयीचा. त्याच्याखाली बसून मातीशी असलेल्या नात्यावर अवश्य लिहावं. झाड मूळचं मादागास्करचं आहे, एवढं मनात ठेवावं. त्याच सुमारास रस्त्याकडेला जांभळा ताम्हण फुललेला असतो. तो महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे. त्याचं चित्र काढू नये, कारण काढल्यास प्रदर्शनात प्रत्येकाला हे सांगत उभं राहावं लागतं.

६. धोक्याची सूचना

काही जुन्या लोकांनी या क्षेत्रात घातक पायंडे पाडले आहेत. आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापुरात परतून एकाच कोटितीर्थाच्या काठावर वर्षानुवर्षं पाणी, झाडं आणि उजेड रंगवत राहिले. शाहू महाराज गेल्यावर आपली पुष्कळशी चित्रं त्यांनी त्याच तळ्यात सोडली, असं सांगतात. ना प्रदर्शनाची हौस, ना विक्रीची. दुर्गा भागवतांनी मुंबईत राहून चैत्र ते फाल्गुन नुसतं पाहिलं आणि १९५६ साली ‘ऋतुचक्र’ लिहिलं. त्यासाठी कुठल्या पठाराची नोंदणी लागली नाही.

या पद्धतीतली अडचण समजून घ्या. सोसायटीच्या भिंतीपलीकडे एक पिंपळ असतो. शिशिर सरता सरता तो पानं टाकतो, मग काही दिवस तांबूस होतो, मग पोपटी, आणि वैशाखात गर्द. तो तांबूस रंग पाहायचा तर त्याच दिवसांत, त्याच खिडकीशी उभं राहावं लागतं. शनिवारी-रविवारी एकदम उरकता येत नाही. तिथे मिसळ मिळत नाही, पार्किंग नाही आणि ‘कुठे गेला होतात?’ या प्रश्नाला सांगण्यासारखं उत्तरही नाही.

७. शंकानिरसन

*प्रेरणा आली हे कसं ओळखावं?* — ती आली की फोटो काढायचा राहून जातो. हे लक्षण दिसताच सावध व्हावं.

*चित्र चांगलं झालं नाही तर?* — पाऊस होता म्हणावं. मे महिना असल्यास वळीव म्हणावं.

*घराजवळचं एकच झाड वर्षभर पाहिलं तर चालेल का?* — चालेल, पण आम्ही त्याची शिफारस करत नाही. त्यात टोपी लागत नाही, सोबत लागत नाही, सबब मिळत नाही. चित्र काढण्यावाचून दुसरा इलाजच उरत नाही.