अंगण वाकडं, तरीही

२००२ सालच्या जानेवारीत युरोच्या नोटा पहिल्यांदा लोकांच्या हातात पडल्या. बहुतेक फ्रेंच माणसांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, जुन्या फ्रँकशी ताळा करून कॉफी महागल्याची खात्री करून घेतली आणि पाकिटात नीट घडी घालून ठेवल्या. पॅरिसमधल्या काही तरुणांनी मात्र लवकरच त्या उधळायला सुरुवात केली.

ही मंडळी मूळची आबीजानची. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या कोत दिव्वारची, ज्याला आपण आयव्हरी कोस्ट म्हणतो. (परक्या देशाबद्दल वाचताना ओळखीचं काहीतरी लागतं म्हणून सांगतो: या देशातून जहाजंच्या जहाजं भरून कच्चा काजू भारतात येतो आणि कोकणात, गोव्यात फोडला जातो. दिवाळीच्या काजूकतलीतून हा देश आपल्या पोटात केव्हाच पोचलेला आहे.) सेन नदीच्या काठी ‘आतलांतिस’ नावाचा नाइट क्लब होता, तिथे ही मंडळी रात्री उशिरा यायची. त्यांचं येणं हाच निम्मा कार्यक्रम. सूट इटालियन, बूट त्याहून इटालियन, तोंडात सिगार, टेबलावर शॅम्पेन. गाणं रंगात आलं की खिशातून गड्डी निघायची आणि गाणाऱ्याच्या, नाचणाऱ्याच्या, कधी नुसत्याच उभ्या असलेल्या एखाद्या भाग्यवंताच्या अंगावर नोटांचा पाऊस पडायचा. या उद्योगाला त्यांनी ‘त्रावायमाँ’ म्हणजे ‘काम करणं’ असं नाव दिलं होतं. मला हे फार आवडलं. नोटा उधळून थकलेला माणूस घरी जाऊन ‘आज फार काम पडलं’ असं खरं-खरं सांगू शकतो.

त्यांच्या मायदेशी चलन सीएफए फ्रँक, आणि एका युरोला ६५५.९५७ फ्रँक असा त्याचा दर बांधलेला आहे. म्हणजे पॅरिसमध्ये दहाची नोट उडाली, की आबीजानमध्ये बसून व्हिडिओ पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साडेसहा हजार फ्रँक उडत. आणि बघणारे पुष्कळ होते.

या टोळीनं स्वतःचं नाव ‘जेट सेट’ ठेवलं. त्यातल्या एकाचं नाव मोलारे, एकाचं सोलो बेताँ, एक लिनो व्हर्साचे. हे आडनाव कुठल्या घराण्यातून आलं ते सांगायला नको. कॉलरच्या आतल्या बाजूला शिवलेलं असतं. म्होरक्या होता स्तेफान दुकुरे. जग त्याला दूक सागा म्हणे आणि तो स्वतःला ‘अध्यक्ष’ म्हणवून घेई. कशाचा अध्यक्ष, हे विचारायची पद्धत नव्हती. पैसे कुठून येतात हेही नाही. तसं विचारायची गरजही नव्हती, कारण उत्तर त्यांनी नाचाच्या नावातच देऊन टाकलं होतं. आबीजानच्या रस्त्यावरची बोली नूशी. फ्रेंच, जुला, बाउले असं हाताला लागेल ते घेऊन शिजवलेली. त्या बोलीत ‘कुपे-देकाले’ म्हणजे टोपी घाल आणि सटक. एवढ्या प्रामाणिक नावाचा दुसरा नाच माझ्या ऐकिवात नाही.

नाच तसा सोपा. हातांनी हवेत काहीतरी कापायचं, पाय एका बाजूला सरकवायचे, खांदे आपली मालमत्ता असल्यासारखे हलवायचे, आणि अधूनमधून कोटाची बाही अशी झटकायची की घड्याळ दिसावं. २००३ च्या आसपास दूक सागानं ‘सागासिते’ हे गाणं काढलं आणि क्लबमधल्या थेरांना रीतसर संगीताचा दर्जा मिळाला. संगीत बरंचसं काँगोकडून उचललेलं: किन्शासाची चटपटीत गिटार, तिथलाच धावता ठेका, खाली संगणकावर बांधलेले ढोल. शब्द बेताचे. सूर त्याहून बेताचा. दूक सागाला गाता येत होतं का, यावर वाद होऊ शकतो. त्याला मिरवता येत होतं, यावर नाही.

इकडे पॅरिसमध्ये हे चाललं असताना तिकडे मायदेशी युद्ध पेटलं होतं. १९ सप्टेंबर २००२ ला बंड झालं आणि देश उभा दोन तुकड्यांत फाटला: उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे, मधे फ्रेंच सैनिक. त्याआधी वर्षानुवर्षं राजकारण्यांनी ‘खरा आयव्हरियन कोण’ हा प्रश्न उगाळून ठेवला होता. कुणाचे आजोबा सीमेच्या कुठल्या बाजूला जन्मले, याच्या चौकश्या चालू होत्या. आबीजानमध्ये संचारबंदी लागली. आता रात्रीच बंद म्हटल्यावर रात्रीच्या धंद्यानं काय करावं? तो दुपारी उघडला. आपल्याकडे नाचता येईना की अंगण वाकडं असतं. आबीजानचं अंगण खरोखर वाकडं झालं होतं, आणि लोक भर उन्हात नाचत होते. तेही पॅरिसहून आलेल्या, नोटा उडवणाऱ्या, टोपी घालून सटकणाऱ्या नाचावर.

यात काही विपरीत आहे असं सोवळ्या मंडळींना तेव्हाही वाटलंच. देश जळतोय आणि पोरं सूट घालून कंबर हलवतायत! टीका करणाऱ्यांपुढे एक नमुनाही होता. याच शहरात, १९९० च्या सुमारास, योपुगाँ भागातल्या विद्यार्थी वसतिगृहात ‘झुग्लू’ नावाचं संगीत जन्मलं होतं. ते गाऱ्हाण्यांचं संगीत: खोलीत गर्दी, पोटात भूक, सरकार बहिरं. ‘मॅजिक सिस्टम’च्या ‘प्रमिए गाऊ’मध्येही गाऱ्हाणंच आहे, फक्त ते प्रेयसीबद्दल आहे. गरीब असताना सोडून गेली आणि पैसा आल्यावर परत आली, असं. या झुग्लूपुढे कुपे-देकालेत आहे काय? नाचणाऱ्यांची नावं, कपड्यांच्या कंपन्यांची नावं, आणि पाय कुठे टाकायचा याच्या सूचना.

माझं मत विचाराल तर, हीच त्याची खुबी. गाऱ्हाण्याला बाजू लागते. ज्या देशात तुझं आडनाव उत्तरेचं की दक्षिणेचं यावरून बंदुका निघत होत्या, तिथे कुणाचीच बाजू न घेणारं गाणं लिहायचं तर त्यात कोटाचं लेबल आणि पायाची चाल एवढंच शिल्लक राहतं. बंडखोरांच्या बुआके शहरातही हाच नाच चालला आणि सरकारच्या आबीजानमध्येही. शांतता-करारांवर पुढाऱ्यांच्या सह्या होत आणि मोडत. पावलं मात्र दोन्हीकडे एकाच बाजूला सरकत होती.

आणि ऐटीचं म्हणाल तर ती या पोरांनी काही पॅरिसमध्ये शोधून काढली नव्हती, ती देशाचीच परंपरा. जगात सर्वांत जास्त कोको पिकवणाऱ्या या देशाला एके काळी चांगले दिवस होते, तेव्हा आबीजानच्या ‘ओतेल इव्वार’मध्ये बर्फावर घसरायचं मैदान होतं. बाहेर घामाच्या धारा, आत स्केटिंग! देशाचे पहिले अध्यक्ष उफूए-ब्वान्यी यांनी आपल्या यामुसुक्रो या जन्मगावी रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा उंच चर्च बांधलं, आणि १९९० मध्ये साक्षात पोपना येऊन त्याचं पवित्रीकरण करावं लागलं. त्या वेळी कोकोचे भाव कोसळलेले होते आणि तिजोरीत खडखडाट होता. चार वर्षांनी, १९९४ च्या जानेवारीत, सीएफए फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्मी झाली. असं चर्च ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांनी मोठेपणी उधारीवर बूट घेतले तर दोष कुणाला द्यायचा?

सॅशा न्यूएल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं आबीजानच्या पोरांमध्ये राहून या ऐटीवर २०१२ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, ‘द मॉडर्निटी ब्लफ’. त्यातली मला सर्वांत गमतीची वाटलेली गोष्ट अशी, की या ऐटीत कुणीच फसत नाही. मिरवणारा कफल्लक आहे हे त्याला ठाऊक, बघणाऱ्याला ठाऊक, बिल आणणाऱ्यालाही ठाऊक. तरी सगळे मिळून तो तासभर त्याला श्रीमंत मानतात. अट एकच, लेबल अस्सल हवं. नकली ब्रँड घातलेला दिसला तर हसं होतं. माणूस उसना चालेल, शर्ट नाही.

आबीजानमध्ये हा नाच उतरला तो ‘माकी’मध्ये. माकी म्हणजे रस्त्याकडेचं उघडं खानावळवजा मद्यालय. भाजलेली मासळी, कसावाचा आत्येके, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पलीकडच्या माकीला हरवेल एवढा मोठा आवाज. योपुगाँची ‘र्‍यू प्रँसेस’ म्हणजे राजकन्या मार्ग ही अशा माक्यांची अख्खी गल्लीच होती. इथे तबकड्या लावणाऱ्या डीजेच्या हातात माईक आला आणि हळूहळू तोच गायक झाला. म्हणून या संगीतातले निम्मे गायक नावापुढे ‘डीजे’ लावतात. त्याचं खरं कौशल्य म्हणजे गर्दीतल्या गिऱ्हाइकांची नावं गाण्यात गुंफणं. ही रीतही काँगोची, आणि तिचा दरही ठरलेला असायचा. आपल्या तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचं नाव बाई अदबीनं घेते आणि मागच्या बाकावरचे मिशीला पीळ भरतात, थेट तसंच. फक्त इथे मिशीऐवजी मोबाइल हातात असतो आणि फेटा इटालियन असतो.

पण मला या डीजे लोकांची खरी कर्तबगारी वाटते ती त्यांच्या बातमीदारीत. जगात काही वाईट घडलं की आठ-पंधरा दिवसांत त्याचा नाच तयार! ग्वांतानामोच्या तुरुंगाची छायाचित्रं आली. डीजे झिदाननं मनगटं जुळवून, बेड्या पडल्यासारखं करून ‘ग्वांतानामो’ काढला. २००६ मध्ये बर्ड फ्लूची साथ आफ्रिकेत पोचली. लोक चिकनला हात लावेनात. डीजे लुईसनं ‘ग्रिप आविएर’ म्हणजे बर्ड फ्लू हाच नाच बसवला: माना टाकायच्या, हात लुळे सोडायचे आणि ताप चढलेल्या कोंबडीसारखं सर्वांगानं थरथरायचं. आबीजानपासून पॅरिसपर्यंत माणसं थरथरली.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, पांढरे पोशाख चढवलेली माणसं वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली, आणि मुंबई-पुण्यात रविवारीसुद्धा चिकनच्या दुकानांत शुकशुकाट झाला. आपण परिपत्रकं काढली. ती आवश्यकच होती. पण वरातीत एखाद्यानं कोंबडीची थरथर करून दाखवावी, हे आपल्याला सुचलं नाही. नागीण डान्सवाल्या राष्ट्राकडून ही अपेक्षा फार नव्हती.

फुटबॉलपटू दिदिए द्रोग्बाच्या नावाचा ‘द्रोग्बासिते’ही याच काळातला. ऑक्टोबर २००५ मध्ये सुदानला हरवून संघ पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर द्रोग्बा आणि त्याचे साथीदार गुडघ्यांवर बसले आणि शस्त्रं खाली ठेवा अशी त्यांनी देशाला विनवणी केली. एकाच माणसाच्या वाट्याला गुडघे टेकणंही आलं आणि कंबर हलवणंही, आणि लोकांना त्यात काही विसंगत वाटलं नाही.

पुढे हा नाच वागादुगू, बामाको, दुआला, लिब्रव्हील असा फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेत लग्नालग्नांतून पसरला. त्याचा ‘अध्यक्ष’ मात्र फार टिकला नाही. १२ ऑक्टोबर २००६ ला दूक सागा वागादुगूत वारला, वय ३२. मग गादी डीजे अराफातकडे गेली. हा वेगळ्या पिंडाचा: ठेका दुप्पट वेगाचा, स्वभाव तिप्पट, भांडणं रोजची. आपल्या चाहत्यांना तो ‘चीन’ म्हणे, कारण त्यांची संख्या तेवढी आहे असा त्याचा दावा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, वय ३३. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये रात्रभर गाणी झाली, हजारो ‘चिनी’ जमले. दफनानंतर त्यातल्या काहींनी थडगं फोडून शवपेटी उघडली. आत खरोखर अराफातच आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. हे वाचून मी आधी हादरलो. पण जन्मभर ज्यानं बतावणीच शिकवली, त्याच्या मरणावर पहिल्या झटक्यात विश्वास कसा ठेवायचा? पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि मामला मिटवला.

र्‍यू प्रँसेस त्याआधीच गेली होती. २०११ च्या ऑगस्टमध्ये, युद्धाचा दुसरा फेरा संपल्यावर, नव्या सरकारनं स्वच्छतेच्या नावाखाली तिच्यावर बुलडोझर फिरवला. माक्या पलीकडच्या रस्त्यांवर गेल्या आणि आवाज पुन्हा तेवढाच मोठा झाला.

आता आबीजानच्या पोरांना कुपे-देकाले थोडं काका लोकांचं वाटतं, असं दिसतं. त्यांचं रॅप आहे, त्यांचे नवे ठेके आहेत. पण चाल तीच. २०२४ च्या जानेवारीत आफ्रिकेचा फुटबॉल चषक त्यांच्याच घरी भरला तेव्हा ‘कू द्यू मार्तो’, म्हणजे हातोड्याचा घाव, हे गाणं गल्लोगल्ली वाजत होतं, आणि यजमान संघ इक्वेटोरियल गिनीकडून घरच्याच मैदानावर ४-० असा हरला. प्रशिक्षकाला मधेच नारळ दिला. मग फेडरेशननं फ्रान्सच्या महिला संघाचा प्रशिक्षक काही दिवसांसाठी उसना मागितला. फ्रान्सनं नाही म्हटलं. इतर संघांचे निकाल सोयीचे लागले म्हणून हे कसेबसे बाद फेरीत शिरले, सहायकालाच प्रशिक्षक केलं, आणि ११ फेब्रुवारीला अंतिम सामन्यात नायजेरियाला २-१ असं हरवून चषक घेऊन गेले. त्या रात्री आबीजानमध्ये कुणी कोणते बूट घातले होते आणि त्यांचे पैसे चुकते झाले होते का, याची चौकशी कुणी केली नाही.