व्हॅलिड झाली का हो?

शोभतं का हे? शिरूर-दौंडात माणसं ‘जेवण झालं का’ विचारायची सोडून ‘व्हॅलिड झाली का’ विचारू लागली! रांजणगावची एमआयडीसी घ्या नाहीतर कुरकुंभची, वार्षिक हिशेबाचे दिवस आले की ताळेबंद राहिला बाजूला, त्याच्या फाइलचीच पूजा: ती नियमांत बसली, म्हणजे व्हॅलिड!

खूळ आणलं कोणी? कंपनी मंत्रालयाने. 2011 मध्ये बड्या कंपन्यांकडून ताळेबंद एक्सबीआरएलमध्ये मागितला, म्हणजे एक्सएमएल या टॅगांच्या भाषेचाच अवतार. झालं! अकाउंटंट लोक टॅग लावू लागले, ‘व्हॅलिडेट’ दाबू लागले, लाल ओळी पाहून घाम पुसू लागले. मग 1 ऑक्टोबर 2020 ला ई-इनव्हॉइस आलं. आधी 500 कोटी उलाढालवाले अडकले, 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरचेही. त्याची फाइल जेसन साच्यातली, एक्सएमएल नव्हे. पण नखरे तेच. बिलाचा क्रमांक 16 अक्षरांत बसवा, शून्याने सुरुवात नको! आजोबांच्या काळापासून ‘001’ने वही उघडणाऱ्या दुकानदाराने जावं कुठं?

आणि डेमूने पुण्याला जाणारी आपली संगणकवाली पोरं! त्यांच्यात तर एक्सएमएल फाइल कोणत्या नियमावलीने तपासायची, यावरून पंथच पडलेत. डीटीडीवाले जुनी खोडं; त्या बिचाऱ्या डीटीडीला तारीख कुठली नि रक्कम कुठली, काही कळत नाही. 2001 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या संस्थेने एक्सएमएल स्कीमा काढला. त्याला सगळं कळतं, पण वाचता वाचता पाटस यायचं दौंड येतं. जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांचा रिलॅक्स एनजी सुटसुटीत, म्हणून त्याचे भक्त जरा जास्तच ताठ. स्कीमॅट्रॉनवाले तर पक्के सासरचे: ‘हे दिलंत, मग ते का नाही दिलंत?’

उद्या लग्नपत्रिकेलाही स्कीमा लावतील, बघाच! ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अनिवार्य, ‘आहेर आणू नये’ ऐच्छिक, निमंत्रक मामा किमान एक, कमाल अमर्याद. चुलते विसरले तर पत्रिका नापास. खरं सांगायचं तर भावकीने हे व्हॅलिडेशन कधीच सुरू केलंय, तेही विनासॉफ्टवेअर.

गंमत अशी, की नुसत्या स्कीमाला खरंखोटं कळत नाही. टॅग उघडला तसा मिटला, जागेवर बसला, आकड्याच्या जागी आकडा आला, की थाप पास! आणि रुपयान् रुपया खरा असलेला गरीब तारखेतल्या एका तिरक्या रेघेपायी रात्री अकरा वाजता डोकं धरून बसलेला.

तुम्ही कशाला हसताय? परवा एरर शून्य आल्यावर स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर कोणी टाकला होता?