शेत खाणाऱ्या कुंपणास

श्री. अँटी-टीपीओ प्रतिपिंड आणि मंडळी,
मुक्काम थायरॉइड ग्रंथी, पिंपळे गुरव.

रोगजंतूंशी लढायची नेमणूक तुमची आणि तुम्ही उठलात घरच्याच ग्रंथीवर. केवढी ही कर्तव्यदक्षता! हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली चार बायकांच्या सुजलेल्या ग्रंथी तपासून थायरॉइडच्या या आजाराचं वर्णन केलं. तुमचे भाऊबंद रक्तात सापडायला मात्र १९५६ उजाडलं.

तुम्ही आजही नामानिराळेच आहात. सृष्टी चौकात सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणारी बाई थकलेली असते, तिचे केस गळतात, थंडी सोसत नाही. तिला ऐकवलं जातं, ‘वय झालं, धावपळ होते.’ तुमच्या बचावाला याहून भक्कम काय हवं?

माझा खरा संताप पुढचा आहे. तुमच्या हल्ल्याने थायरॉइड मंदावला की होमोसिस्टीन हे हृदयविकाराशी जोडलं जाणारं अमिनो आम्ल मार्गी लावणारी यकृतातली यंत्रणा मंदावते, मूत्रपिंडंही सुस्तावतात आणि होमोसिस्टीन रक्तात साठतं. त्यात ते मार्गी लावायला लागणाऱ्या बी१२ जीवनसत्त्वाची आमच्याकडे आधीच बोंब. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. शहरी मध्यमवर्गातल्या ८१ टक्क्यांचं बी१२ कमी, ७९ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर! हे पुरुषांचं. त्याच घरांत सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बायकांचं काय?

शिवाय तुमचे काही नातलग जठरावर हल्ला करतात. मग खाल्लेलं बी१२ही अंगी लागत नाही. थायरॉइडच्या गोळीने टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं संप्रेरक, ताळ्यावर येतं, होमोसिस्टीनही बरंच उतरतं, पण बी१२ कमीच असल्याने पायांना मुंग्या आणि विसराळूपणा राहतोच. बाई बिचारी थायरॉइडचीच गोळी स्वतःहून वाढवते. छाती धडधडते, हाडं झिजतात. तुम्ही खूश.

जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरवल्याने हृदयविकाराचे झटके टळतात, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. तरी बी१२ हवंच, नसांसाठी आणि रक्तासाठी.

म्हणून तुम्हाला ही जाहीर नोटीस. आमच्या गल्लीतली थायरॉइडची प्रत्येक बाई यापुढे डॉक्टरांना विचारेल, ‘टीएसएचबरोबर बी१२ही तपासायचं का?’ गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घेईल, चहा अर्ध्या तासाने, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. आणि तिला ‘वय झालं’ म्हणणाऱ्याला आधी तिचा रिपोर्ट वाचावा लागेल.

पिंपळे गुरवची एक रहिवासी