बॉनेटखालचं महाबळेश्वर

हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकावणं म्हणजे स्वतःहून अपमान करून घेण्यासारखं आहे. आत एक काळं प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्याचा एकूण आविर्भाव ‘आपण कोण?’ असा असतो. मालकाने हात लावावा अशी एकच गोष्ट तिथे उरली आहे, काचा धुवायच्या पाण्याचं निळं टोपण. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत असं नव्हतं. १०८९ सीसीचं ते इंजिन रविवारी सकाळी माणसाची वाट बघत असायचं. प्लग काढून घासा, पॉइंटमधून पॉलिश पेपर फिरवा, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. त्याने गाडी सुधारायची असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण वडिलांचा रविवार मात्र नक्की सुधारायचा.

अशा घराण्यात जन्मलेल्या माणसाने आता करायचं काय? एक वाट अजून उघडी आहे. इंजिनात हवा जिथून शिरते ती. पुढे एक सोंड, मग एअर फिल्टरचा डबा, मग घड्याघड्यांची रबरी नळी आणि शेवटी थ्रॉटल बॉडी. इथे पेट्रोल उडायची भीती नाही, टायमिंग चुकायची धास्ती नाही. दहा नंबरचा पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन जुबली क्लिपा एवढ्यात सगळा डोलारा हातात येतो. म्हणूनच हौशी माणसाचा पहिला हात इथे पडतो. कंपनीची नळी आणि डबा काढायचा, मोठ्या व्यासाची सरळ नळी घालायची, टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर लावायचा आणि त्याचं तोंड अशा कोपऱ्यात न्यायचं जिथे इंजिनाची धग पोचत नाही. याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. बॉनेटखालच्या विदर्भात इंजिनासाठी एक खासगी महाबळेश्वर वसवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

माझा भाचा मेकॅनिकलला आहे, म्हणजे त्याला गणित येतं आणि माझ्याकडे गाडी आहे. त्याने पहिल्याच बैठकीत मला गप्प केलं. “मामा, टाकी फुल्ल केली की तू किती पेट्रोल घेतोस?” सदतीस लिटर. “म्हणजे साधारण सत्तावीस किलो. आणि ते जाळायला हवा किती लागते?” एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. सत्तावीस किलोंना चारशे किलो. एक लिटर पेट्रोलमागे नऊ-दहा हजार लिटर हवा, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची अख्खी टाकी. सत्तावीस किलोंसाठी आपण पंपावर पैसे मोजतो, आकडा शून्यावर आहे ना ते वाकून बघतो, आणि चारशे किलो माल फुकट घेऊन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुण्यात राहून फुकटच्या गोष्टीकडे इतकं दुर्लक्ष झालंच कसं, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं.

आता हवा गरम झाली की पसरते, हे शाळेत शिकलेलं. तीन अंश तापमान वाढलं की त्याच जागेत मावणारी हवा साधारण एक टक्क्याने घटते. बाहेर पस्तीस अंश असताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पासष्ट सहज होतात. म्हणजे नऊ टक्के हवा गेली, आणि तिच्याबरोबर ताकद. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे नऊ टक्के घोडे उभे राहिले. आमची गाडी ११९७ सीसीची, कागदावर ८०च्या आसपास हॉर्सपॉवरची. म्हणजे सात घोडे केवळ उन्हामुळे तबेल्यातच झोपून होते! पण विद्यापीठ चौकात संध्याकाळी सहा वाजता, जेव्हा बॉनेटखाली ते पासष्ट अंश असतात, तेव्हा त्या सात घोड्यांना घेऊन मी नेमका कुठे जाणार होतो, हा प्रश्न आम्ही दोघांनीही सोयीस्करपणे एकमेकांना विचारला नाही.

आधी सॅम्पल करायचं ठरलं, तेही स्वस्तात, पीव्हीसी पाइपमध्ये. आम्ही कोपऱ्यावरच्या प्लंबिंगच्या दुकानात गेलो. अडीच इंची पाइप आणि दोन एल्बो मागितल्यावर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “गरम का थंड?” त्याचा प्रश्न रास्त होता. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, साधा पीव्हीसी धगीने मऊ पडतो. भाचा म्हणाला, “थंडच. पण गरम जागेतून जायचंय.” दुकानदाराने मान वर केली. “गीझरच्या मागून?” “नाही, रेडिएटरच्या बाजूने. गाडीत घालायचाय.” त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मग माझ्या पिकल्या केसांकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि पाइप कापून दिला. बिलावर मात्र ‘बाथरूम’ असं लिहिलं.

खऱ्या नळीसाठी नाना पेठ पालथी घातली. बुधवारी जुन्या बाजारात एकाने चकचकीत ॲल्युमिनियमचा बाक असलेला पाइप काढून दिला. तो कुठल्या गाडीचा, असं विचारल्यावर “तुमच्याच गाडीचा” असं उत्तर मिळालं. आर्गन वेल्डिंगवाल्याने त्यावर दोन छोट्या नळ्या डकवल्या. एक इंजिनाच्या ब्रीदर होजसाठी, कारण इंजिनाच्या पोटातली वाफ याच मार्गाने परत ओढली जाते, आणि ती जागा विसरली तर फिल्टर न झालेली धूळ थेट आत जाते. दुसरी तापमानाच्या सेन्सरसाठी. आमच्या गाडीत कॉम्प्युटर दाब मोजून हवेचा हिशेब करतो, त्यामुळे नळीचा व्यास थोडा बदललेला त्याला चालतो. ज्या गाड्यांत वाहती हवा मोजणारा सेन्सर नळीतच बसवलेला असतो, तिथे असला उद्योग केला तर गणितच बिघडतं, पेट्रोल कमी पडतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. फिल्टरभोवतीची उष्णतेची भिंत आम्ही फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून पाहिली. बॅटरीपाशी खाच, हेडलाइटच्या मागे कोन, बॉनेट टेकतं तिथे रबरी बीडिंग. पुठ्ठा बरोबर बसला की त्याच मापाने पत्रा. पुठ्ठा कापताना भाचा जीभ किंचित बाहेर काढतो, हे मला तो चित्रकलेच्या परीक्षेला बसायचा तेव्हापासून ठाऊक आहे.

मग मूळचा डबा काढला, आणि माझा कंपनीच्या इंजिनीअरबद्दलचा आदर उगाचच वाढला. डब्याची सोंड सरळ पुढे जाऊन जाळीच्या वरच्या अंगाला, रेडिएटरच्याही पुढे उघडत होती. म्हणजे कंपनीने गाडीला थंड हवा मुळातच दिलेली होती, शिवाय तोंड उंचावर ठेवलं होतं. नळी काळ्या प्लास्टिकची, दिसायला भिकार, पण प्लास्टिक धग आत येऊ देत नाही. आमचा ॲल्युमिनियमचा पाइप दिसायला राजबिंडा आणि गाडी उभी राहिली की तव्यासारखा तापणार. भाच्याने यावर गणित मांडलं. इंजिन सहा हजार फेऱ्यांवर असताना सेकंदाला साठ लिटर हवा ओढतं, अडीच इंची नळीतून ती ताशी सत्तरच्या वेगाने पळते, तेव्हा तापायला तिला सवड कुठे आहे? बरोबर आहे. फक्त मी आयुष्यात कधी सहा हजार फेऱ्यांवर गाडी चालवलेली नाही. एरवी आपण गाडी चालवतो ती थ्रॉटलची झडप जेमतेम किलकिली ठेवून. इंजिनाचा गळा आपणच आपल्या पायाने आवळून धरलेला असतो. अशा वेळी अलीकडची नळी रुंद असली काय आणि चिंचोळी असली काय!

ही हौस आपल्याकडची नाही, मूळ खटाटोप अमेरिकेतला. १९६६ साली ओल्ड्समोबिलने ४-४-२ या गाडीसाठी डब्ल्यू-३० नावाचा एक प्रकार काढला. त्यात हवा थेट पुढच्या बंपरपासून जाडजूड नळ्यांनी आणली होती, आणि त्या नळ्यांना जागा व्हावी म्हणून बॅटरी उचलून डिकीत नेऊन ठेवली होती. हे वाचून मला फार बरं वाटलं. नळीसाठी अख्खी बॅटरी घराबाहेर काढणारे लोक पगारी इंजिनीअर होते. आम्ही तर फक्त पुठ्ठा कापत होतो. याच्या उलट, थंड देशांत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून एग्झॉस्टजवळची गरम हवा मुद्दाम ओढायची सोय करत. आणि खऱ्या महाबळेश्वराचं म्हणाल तर तिथे गाडीची फसगतच होते. हवा गार, पण १,३५० मीटर उंचीवरची, त्यामुळे गारव्याची भर धरूनही मुंबईपेक्षा दहा-बारा टक्के विरळ. माणसाला तिथे गेल्यावर तरतरी येते आणि गाडी मात्र मरगळते.

पार्किंगमध्ये बसवायला घेतलं तेव्हा सोसायटीतल्या सूचना सुरू झाल्या. निवृत्त माणसं उघड्या बॉनेटपाशी गूळ ठेवल्यासारखी जमतात. एकांनी कायदा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आणि त्यावर २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. भाचा म्हणाला, “काका, फिल्टरची नळी आरसी बुकात लिहिलेली नसते.” वकिलाला पटेल की नाही देव जाणे, पण काकांनी बुकात बघून सांगतो म्हटलं आणि ते जिना चढले. तरी बॉडीला एकही भोक पाडायचं नाही आणि मूळचा डबा बोल्टांसकट माळ्यावर ठेवायचा, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. वॉरंटी आणि बायको, दोन्हींसमोर परतीचा मार्ग मोकळा असावा.

दुसऱ्यांचा मुद्दा जास्त मोलाचा होता. त्यांनी २६ जुलै २००५ मुंबईत काढलेला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. ते म्हणाले, “नळीचं तोंड बंपरखाली नेऊ नका.” थंड हवा खाली मिळते हे खरं, पण पावसाळ्यात तिथे पाणीही मिळतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी गेलं तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग दोन घोड्यांसाठी केलेला खर्च अख्ख्या इंजिनाला जाऊन भिडतो. आम्ही तोंड हेडलाइटच्या मागे, उंचावरच ठेवलं. म्हणजे कंपनीने ठेवलं होतं तिथून वीतभर अंतरावर.

शेवटची जुबली क्लिप आवळली आणि गाडी सुरू केली. फरक पडला नाही असं कोण म्हणेल? जुन्या डब्याला एक बंद प्लास्टिकची पेटी जोडलेली होती, तिच्यात काहीच नव्हतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळीचा अभ्यास केला. नेमक्या मापाची पोकळी बाजूला जोडली की नेमका तेवढा सूर गिळून टाकते. हवा आत खेचली जाताना इंजिन जो घुमारा काढतं तो गिळायला ही पेटी बसवलेली असते. आम्ही ती काढली, आणि कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या गिअरवर पाय दाबताच बॉनेटखालून असा भरदार, खर्जातला हुंकार आला की भाच्याने माझ्याकडे आणि मी भाच्याकडे बघितलं. मागच्या सीटवरून सौभाग्यवतीने विचारलं, “सायलेन्सर फुटला का?”

गाडी वेगाने पळते का? आम्हाला दोघांना वाटतं, पळते. स्टॉपवॉचला तसं वाटत नाही. हॉर्सपॉवर हातात आलीच असली तर दोन-तीनच्या वर नसावी, आणि तीही अशा फेऱ्यांवर जिथे मी जात नाही. पण कानाला गाडी जिवंत झाली, आणि कानाचं मत खोडून काढणं फार अवघड असतं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने अदबीने अडवलं. “साहेब, गाडीचा आवाज येतोय. आपल्या ओळखीचा मेस्त्री आहे.”

वॉचमनला काय बोलणार? मोठमोठ्या कंपन्यांना तरी हा घोळ कुठे सुटला आहे? आधी हुशार इंजिनीअर लावून आवाज मारायचा, मग गिऱ्हाईक हळहळलं की तोच परत विकायचा. फोर्डने फोकस एसटीमध्ये इनटेकचा आवाज केबिनमध्ये आणायला वेगळी नळी घातली. बीएमडब्ल्यूने २०११च्या एम५मध्ये इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरवरून ऐकवला. विजेच्या गाडीला तर हवाच लागत नाही, तिथे आवाज सगळाच रचावा लागतो, म्हणून महिंद्राने आपल्या गाड्यांसाठी ए. आर. रेहमान यांना गाठलं. त्या मानाने प्लंबिंगच्या दुकानातून सुरू झालेला आमचा वाद्यवृंद बराच स्वस्तात पडला, आणि ॲल्युमिनियमच्या पाइपला भाचा अजूनही फडक्याने पुसत असतो.

समोरच्या विंगमधल्या सद्गृहस्थांनी नुकतीच विजेवरची गाडी घेतली आहे. तिच्यात बटण दाबलं की आवाज बदलतो. परवा आम्ही गेटमधून चढावर निघालो तेव्हा त्यांनी हात करून थांबवलं, बॉनेटकडे कान लावून कौतुकाने ऐकलं आणि विचारलं, “छान आहे हो! कुठला मोड?”

“दुसरा गिअर, काका,” भाचा म्हणाला.