टीडीएस काका

टीडीएस काका हे पुण्याच्या कडेने वाढलेल्या सोसायट्यांमधले एक पद आहे. त्याला निवडणूक नाही, मानधन नाही आणि निवृत्तीही नाही. नळाला धरणाचे पाणी अपुरे येते आणि बाकीची गरज बोअर व टँकर भागवतात, तिथे इमारतीमागे एक काका धरायला हरकत नाही. सदाशिव पेठेत हा नमुना सहसा दिसत नाही. खडकवासल्याचे पाणी मुळात मऊ; त्याबद्दल तक्रार करायची तर ते किती वेळ येते याचीच, आणि त्याला घड्याळ पुरते. २०२१ साली वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली. हद्द एका आदेशाने पुढे सरकली, जलवाहिन्या मात्र तेवढ्या चपळ निघाल्या नाहीत. त्या मधल्या जागेत काकांची वाढ उत्तम होते.

काका बहुधा कारखान्यातल्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले असतात. तपासायला माल उरलेला नसतो, तपासण्याची सवय शिल्लक असते. शर्टाच्या खिशात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारा मीटर असतो: मार्करएवढा, खाली टोपण, टोपणाखाली धातूचे दोन टाचणीएवढे खांब. तो पाण्यात बुडवला की आकडा येतो आणि ‘होल्ड’ दाबले की आकडा थांबतो. मग काका तो समोरच्याला दाखवतात. समोरच्याने ‘अरे बापरे’ म्हणेपर्यंत हात खाली येत नाही.

बोअरचे पाणी जड का, यावर काकांचे म्हणणे ‘बिल्डरने फसवले’ एवढेच असते. बिल्डरची बाजू घेण्याचे कारण नाही, पण इथला दोष काळ्या खडकाचा आहे. पावसाचे पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि बेसॉल्टमधले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. बोअर जे वर आणते ते हेच. साबणाचा फेस होण्याऐवजी चोथा होतो तो या दोन धातूंमुळे. पाणी तापले की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन गीझरच्या एलिमेंटवर पांढरा थर बसतो, आणि थराआड तापून तापून एलिमेंट एक दिवस जळते.

हे सगळे मीटरशिवाय ज्यांना कळलेले असते त्या काकू. शॉवरची निम्मी भोके बुजून उरलेल्या भोकांतून पाणी अंगाऐवजी भिंतीवर उडते, हे त्यांनी पहिल्या वर्षीच पाहिलेले असते. त्या शॉवरला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि पिशवीत लिंबूसत्त्वाचे पाणी ओततात. बारीक बुडबुडे येऊ लागतात, सकाळपर्यंत भोके मोकळी होतात. तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही टणक राहते म्हणून त्या डाळीला आरओचे पाणी घालतात. आरओतून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काका त्याने फरशी पुसायला सांगतात. त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असल्याने काळ्या ग्रॅनाइटवर पांढरे फराटे उठतात. फराट्यांवर काकू बोलत नाहीत. फक्त पाहुणे येण्याच्या दिवशी बादली बदलतात.

काकांचे आरोग्यशास्त्र स्वतंत्र असते. केसगळती, मुतखडा, गुडघे, नातवाची भूक, सगळ्याचे मूळ मीटरवरच्या ‘साडेसहाशे’त. जड पाण्याने केस राठ होतात हे खरे. पण असे पाणी प्यायल्याने माणसाला अपाय होतो, याचा खात्रीलायक पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही. मुतखडा टाळण्यासाठी डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. काका आकडा पाहून पाणी कमी पितात.

पदाची खरी कसोटी लागते ती सोसायटीने सॉफ्टनर बसवल्यावर. विक्रेता येतो, रेझिनची टाकी दाखवतो, मिठाच्या गोण्यांचा हिशेब सांगतो. काका आत जाणाऱ्या पाण्यात पेन बुडवतात: ६४०. बाहेर येणाऱ्या पाण्यात बुडवतात: ६४८. सभेत शांतता पसरते. ‘आठ वाढले’, काका म्हणतात, आणि विक्रेत्याचा चहा तसाच राहतो. वास्तविक यंत्राने आपले काम केलेले असते. सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. मीटर मोजतो ते पाण्यातून वीज किती वाहते हे, आणि वीज सोडियममुळेही वाहते. आकडा घटण्याचे काही कारणच नसते. विक्रेता हे समजावतो तेव्हा काका ताडकन विचारतात, ‘म्हणजे बीपीवाल्यांनी मीठ प्यायचं?’ इथे मात्र त्यांचा मुद्दा रास्त असतो. मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसाने सॉफ्टनरचे पाणी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ते पाणी अंघोळीला, कपड्यांना, गीझरला.

काकांना निरुपयोगी म्हणणे अन्याय होईल. टँकर फाटकात अडवून पाइपाच्या तोंडाशी पेन धरणारे तेच एकटे. कालच्यापेक्षा आकडा एकदम चढला तर टँकरवाल्याने विहीर बदलली आहे, हे त्यातून कळते, आणि टँकरवाला त्यांना अध्यक्षांपेक्षा जास्त वचकून असतो. घोटाळा होतो तो कमी आकड्याने. ‘दीडशे! एकदम फर्स्ट क्लास!’ म्हणून काका गाडी आत सोडतात, पण मीटरला जंतू दिसत नाहीत. ओढ्याचे गढूळ पाणीही दीडशे दाखवू शकते.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काकांना ती पाठ असते. त्याच मानकात जडपणाची मर्यादा वेगळी दिली आहे: २००, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. ती मोजायला थेंबांचा किट मिळतो. तांबूस झालेले पाणी निळे होईपर्यंत थेंब मोजायचे. जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. खिशातल्या पेनाने यांतले एकही काम होत नाही.