मॅरेथॉनव्रत: साठीनंतर, घामासकट

हे व्रत कोणी करावं? निवृत्तीनंतर ज्यांना सकाळी करण्यासारखं काही उरलेलं नाही, मुलीच्या आग्रहाखातर ज्यांनी मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलंय आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ग्रेट, काका!' आल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, त्यांनी. स्थळ: ठाण्यातलं माजिवडा. फळ: ४२.१९५ किलोमीटर. हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं. शर्यत विंडसर राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. तेव्हा आपले गुडघे आज कोणाच्या सोयीसाठी दुखतात, हे लक्षात ठेवावं.

प्रस्तुत लेखकाचं वय एकसष्ट. आधी डॉक्टरांना छाती दाखवली, मग हिला वेळापत्रक दाखवलं. डॉक्टरांनी परवानगी दिली.

मुहूर्त

२००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन हल्ली जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. हवा बरी, समुद्राचा वारा, सगळं मंगल. पण तयारीला सोळा आठवडे लागतात आणि तिथून मागे मोजत गेलं की बोट येऊन थांबतं सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे पाऊस परतीच्या वाटेवर, जमीन ओली, आकाश मोकळं आणि पुढ्यात ऑक्टोबर हीट. शर्यत थंडीत, तालीम भट्टीत, अशी या व्रताची रचना आहे. त्यातच नवरात्राचे उपास, कोजागरीचं जागरण आणि दिवाळीचा फराळ येतो. ठाणे महापालिकेच्या वर्षा मॅरेथॉनवाले त्या मानाने सुखी. ते ऑगस्टमध्ये बाहेरून भिजतात, आपण ऑक्टोबरमध्ये आतून.

वेळ पहाटे पाचची. पहाटे तापमान सगळ्यात कमी असतं, हे खरं. पण हवेतली सापेक्ष आर्द्रताही तेव्हाच सगळ्यात जास्त असते, हे कोणी सांगत नाही. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून टपकून सर्व्हिस रोडवर पडला, तर थंडावा शून्य.

म्हणून व्रतस्थाने आधी गॅलरीत जावं आणि दोरीवरचा टॉवेल चाचपावा. रात्रभर वाळत टाकलेला टॉवेल पहाटेही दमट असेल, तर आपलाही घाम वाळणार नाही, असं समजून अंतर निम्मं करावं. याला हसू नये. खेळाडूंसाठी उष्णतेचा धोका ज्या निर्देशांकाने मोजतात, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीला ०.७ वजन असतं आणि साध्या कोरड्या तापमापीला फक्त ०.१. म्हणजे शास्त्रज्ञही शेवटी दोरीवरचं ओलं फडकंच चाचपतात.

साहित्य

बूट एक जोडी, टोपी, मानेभोवती ओला पंचा, काखेत आणि मांड्यांत लावायला व्हॅसलीन, पाण्याची बाटली. एका चिठ्ठीवर आपलं नाव, रक्तगट, चालू गोळ्या आणि घरचा नंबर. शिवाय प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घडी घातलेली शंभराची नोट. नोटेचं प्रयोजन पुढे येईल.

बुटांबद्दल एवढंच. मॉलमधला चुणचुणीत मुलगा तुमचे तळवे संगणकावर तपासून पेन्शनच्या निम्म्या किमतीचा जोड समोर ठेवेल. त्या वेळी बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचं स्मरण करावं. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी बघून सर दोराबजी टाटांना ऑलिंपिकचं स्वप्न पडलं. १९२० मध्ये चौगुले अँटवर्पला गेले आणि तिथल्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. स्मरण झालं की बूट घ्यावेतच. चौगुल्यांना माजिवड्याच्या उड्डाणपुलाखालची खडी माहीत नव्हती.

विधी

पहिले चौदा दिवस रोज थोडं, सावकाश, त्याच दमट हवेत धावावं. दहा ते चौदा दिवसांत शरीर शहाणं होतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर फुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. साठीनंतरही हे होतं, फक्त फाइल जरा हळू सरकते. या वयात त्वचेकडे रक्त कमी पोचतं आणि तहानेची घंटा उशिरा वाजते. एवढं करून मुलाकडे दुबईला जाऊन महिनाभर एसीत बसलात, तर कमाई गेली. परत पहिल्या दिवसापासून.

मार्ग: माजिवड्याहून कापुरबावडी, पोखरण रोड क्रमांक दोन, उपवन तलाव. तलावाला फेऱ्या मारून परत. येऊरचा चढ दिसला तरी पहिल्या महिन्यात त्याला लांबूनच नमस्कार करावा.

वेग किती ठेवावा? घड्याळ ठोके दाखवतं, पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी घेणाऱ्यांचे ठोके मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे आकडा फसवतो. त्यापेक्षा आमची स्थानिक पद्धत वापरावी. मेट्रोच्या खांबांखालून जाताना सोबत्याला म्हणावं, "ही मेट्रो एकदाची सुरू झाली म्हणजे घोडबंदरची कटकट मिटेल, नाही का हो?" वाक्य एका दमात पुरं झालं तर वेग योग्य. 'मेट्रो'नंतर धाप लागली तर चालावं. तेही जमलं नाही तर थांबावं.

तीर्थ

तहान लागेपर्यंत थांबू नये आणि प्रत्येक टपरीवर बाटलीभर रिचवूही नये. धावण्याआधी आणि नंतर, घामाचे कपडे उतरवून, वजन करावं. जेवढे किलो कमी झाले, साधारण तेवढे लिटर घाम गेला, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवावं. पुढच्या खेपेस त्या हिशेबाने प्यावं. वजन वाढलेलं दिसलं तर आनंदू नये. जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते कमी पाण्याइतकंच घातक असतं.

लांब पल्ल्याच्या दिवशी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. चमचा चहाचाच. जुलाबाच्या वेळी आपल्याला पाजायचे तेच हे पाणी. रक्तदाबवाल्यांनी मिठाचं आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं, सोबत्याशी बोलून नाही. येताना मामलेदारची मिसळ खावी की नाही, याबद्दल शास्त्रात मतभेद आहेत. आम्ही खाणाऱ्या पंथातले.

निषिद्ध

अंगात कसर, आदल्या रात्री पोट बिघडलेलं, सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतलेली, यांपैकी काहीही असताना धावू नये. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन तर मुळीच निघू नये. पण सगळ्यांत निषिद्ध म्हणजे बत्तीस वर्षांच्या माणसाच्या मागे लागणं.

हे अनुभवाने लिहितोय. दुसऱ्या आठवड्यात आमच्या बी विंगमधला मुलगा "या ना काका" म्हणत पुढे गेला. टॉवेल त्या दिवशी चिंब होता. मेट्रोचं वाक्य म्हणायला मी विसरलो. कापुरबावडीला पोचलो तेव्हा धारा लागल्या होत्या आणि तरीही अंगावर शहारे येत होते. मी कठड्यावर टेकलो. दुधाच्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काका, घरी कुणाला फोन लावू?" छत्तीस वर्षांच्या संसारात हिचा नंबर पाठ केलेला नव्हता, आणि चिठ्ठी घरी देव्हाऱ्यापुढे राहिली होती. त्याने बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं आणि मला सावलीत बसवलं. योगायोगाने ते बरोबरच होतं.

घामात शहारे, डोकेदुखी, मळमळ आली की त्या दिवसाचं व्रत संपलं. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. आधी जागच्या जागी गार करावं, पाणी ओतावं, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवावा, वारा घालावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. गाडीची वाट बघत हात जोडून उभं राहू नये.

ज्यांना थांबण्यात कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी दोन कहाण्या. १९०४ साली सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन धुळीत आणि उन्हात झाली. ३२ जण निघाले, १४ पोचले. फ्रेड लॉर्झ दमल्यावर मोटारीत बसला, पुढे उतरून पहिला म्हणून मैदानात शिरला आणि पकडला गेला. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत उकाडा चुकवायला महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली. ६८ निघाल्या, २८ अर्ध्यावर थांबल्या. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या. आपण माजिवड्याचे. लॉर्झचंही गाडीत बसणं चुकलं नाही, उतरून पुन्हा धावणं चुकलं.

उद्यापन

जानेवारीतल्या त्या रविवारी मध्य रेल्वे धावणाऱ्यांसाठी पहाटे तीनच्या सुमारास कल्याणहून खास लोकल सोडते. डोंबिवलीकर आधीच चढलेले असतात, त्यामुळे ठाण्याला बसायला मिळेल ही आशा याही दिवशी सोडावी. पुढे सीएसएमटी, मग ४२.१९५.

इतर व्रतांत घेतलेला वसा टाकला की कोप होतो. या व्रतात टाकता आला नाही की होतो. फौजा सिंग यांनी वयाच्या ८९ व्या वर्षी लंडनला पहिली मॅरेथॉन धावली आणि शंभराव्या वर्षी टोरांटोची पुरी केली. त्यांनीसुद्धा १०१ व्या वर्षी शर्यतींना रामराम ठोकला. कधी थांबायचं हे त्यांना ठरवता आलं. आपल्याला तर फक्त आजच्या दिवसापुरतं ठरवायचं असतं.

ती शंभराची नोट रिक्षासाठी आहे. गेल्या ऑक्टोबरात मी ती तीनदा मोडली, आणि तिन्ही वेळा मोड घेऊन जिवंत घरी आलो. रोज निघताना चिठ्ठी घेतली का, हे बघा. नोट घेतली का, हे दोनदा बघा.