फ्लॅट फिफ्टीचे प्रणेते, आमचे दाजी यांस खुले पत्र

तीर्थस्वरूप दाजी यांस,

सिल्लोडहून आपल्या धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र घरच्या ग्रुपवर न टाकता चारचौघांत लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. जावयाला तोंडावर काही बोलायची आमच्या घरात रीत नाही. आपण समोर असलात की आण्णा खुर्चीत टेकूनसुद्धा बसत नाहीत. तेव्हा जे आपल्याला सांगता येत नाही ते तालुक्याला सांगतो. तालुक्याकडून ते आपल्या कानी गेलंच, तर तो सिल्लोडचा स्वभाव समजावा.

पहिले आभार आम्हाला शहाणं केल्याबद्दल. आम्ही अडाणी माणसं. बाहेर जेवायचं ठरलं की ‘काय खावंसं वाटतंय’ असं एकमेकांना विचारायचो. छत्रपती संभाजीनगरात हॉटेलांचा सूट सप्ताह लागला, आपण अगत्यानं सगळ्यांना बोलावलंत आणि आमची ही खोड कायमची मोडली. आई चाचरत म्हणाली, थाळी घेऊ, निवांत बसून. आपण फोनवर अंगठा सरकवलात. “थाळीवर फक्त पंधरा टक्के, सासूबाई.” विषय संपला. आण्णांना जुन्या शहरातला नान-खलिया हवा होता. भट्टीतून निघालेला नान, लाल तर्री, बुडवून खायचं. “तो अ‍ॅपवरच नाही. धंदा कळत नाही या लोकांना,” आपण म्हणालात. त्या माणसाचं पातेलं दुपारीच रिकामं होतं, हे आण्णांना ठाऊक होतं. पण जावयाला कसं सांगायचं?

नान-खलियाचं मूळ लोक महंमद बिन तुघलकापर्यंत नेऊन भिडवतात. त्यानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, गावाचं नाव दौलताबाद ठेवलं आणि त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इकडे आला, असं सांगतात. तुघलकाला लोक उगाच नावं ठेवतात. त्याच्यापुढे निदान दक्षिणेचा कारभार होता. आपण पनीरच्या भाजीसाठी आख्खं बिऱ्हाड पासष्ट किलोमीटर हलवलंत, तेही आत्याच्या गुडघ्यांसकट.

प्रवासाबद्दलही ऋणी आहोत. भवन, आळंद, फुलंब्री, चौका, सावंगी, हर्सूल अशी गावं मागे टाकत आम्ही भर उन्हात निघालो, कारण सूट साडेसहाच्या आत टेबलावर बसणाऱ्यालाच होती. वर आपल्या फोनवर लाल अक्षरांत ‘फक्त ३ टेबलं शिल्लक’ असं लुकलुकत होतं, म्हणून आपण दर अर्ध्या तासानं फोन करून ‘कुठपर्यंत आलात’ विचारत होतात. आम्ही धापा टाकत पोचलो. आत पंचवीसेक टेबलं होती आणि माणूस एकही नव्हता. एक पोरगा खुर्च्या पुसत होता. अशा खोट्या घाईगर्दीला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या क्लृप्त्यांत घातलंय. पण आपल्याला घाई करायला प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. आपण स्वयंभू आहात.

पार्किंगमध्ये आपण या सप्ताहाचा इतिहास सांगितलात, तोही फुकट. न्यूयॉर्कात १९९२ च्या जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, गावात पाहुणे आले होते, तेव्हा तिथल्या नावाजलेल्या हॉटेलांनी सालाच्या आकड्यावरून १९.९२ डॉलरला दुपारचं जेवण ठेवलं. थोड्या दिवसांपुरतं म्हणून सुरू केलेलं ते लोकांना इतकं आवडलं की दरवर्षीचंच झालं. आपल्याकडे २०१० मध्ये मुंबईत तसा सप्ताह आला. सगळं खरं, दाजी. एवढंच सांगायचं राहिलं की त्या जेवणाचे पदार्थ ठरलेले होते आणि दामही ठरलेला होता. बसण्याआधी माणसाला कळत होतं की खिशातून किती जाणार. नेहमी जिथं पाय ठेवायची ऐपत नाही तिथं एकदा जेवून पाहायचं, हा त्यातला आनंद. आपण नेलंत ते हॉटेल एरवीही आपल्या आवाक्यातलंच होतं.

हॉटेलवाल्याचं गणितही मला कळतं. जागेचं भाडं, आचाऱ्याचा पगार, विजेचं बिल हे टेबल भरलं काय, रिकामं राहिलं काय, तेवढंच. बाजार उठताना मेथीची जुडी स्वस्त होते, तशी रिकाम्या वेळेची खुर्ची स्वस्त होते. त्यात गैर काही नाही. पण म्हणून आपण आमची भूकच त्यांच्या रिकाम्या वेळेला नेऊन बांधाल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. संध्याकाळी सहाला सिल्लोडात माणूस चहा पितो, दाजी.

आता त्या सोहळ्याकडे येतो, ज्यासाठी हे घराणं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवील.

‘पन्नास टक्के सूट’ याच्याखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: कमाल ३०० रुपये, किमान बिल १,००० रुपये, एका टेबलाला एकदाच. दुसरा कुणी असता तर खचला असता. आपण सेनापतीसारखे उभे राहिलात आणि आमची तीन तुकड्यांत वाटणी केलीत. पहिल्या टेबलावर आपण, ताई आणि भाचा, आपल्या फोनवर. दुसऱ्यावर आण्णा, आई आणि मी, माझ्या फोनवर. तिसऱ्यावर माझी बायको, आत्या आणि आमची दोन पोरं, बायकोच्या फोनवर. “आपण एकमेकांना ओळखत नाही,” आपण दबक्या आवाजात बजावलंत. “मॅनेजरला संशय आला तर ऑफर रद्द.”

आख्ख्या रिकाम्या हॉटेलात आम्हीच तेवढे, तीन अनोळखी कुटुंबं, एकाच नाकाची. आईला भाच्याकडे बघून हसू येत होतं, तर तिनं पदर तोंडाला लावला. आण्णांनी तर इतकं मनावर घेतलं की लेकीला ओळखच दाखवेनात, पाणी द्यायला आलेल्या वेटरला विचारलं, “ते कुठले पाहुणे?” पापड आमच्या टेबलावर आले, पोरं तिसऱ्या टेबलावर रडायला लागली. मी पापड रुमालात गुंडाळून हात धुण्याच्या निमित्तानं तिकडे पोचवला. शेवटी आत्याचा धीर सुटला. तिनं तिसऱ्या टेबलावरून पहिल्या टेबलाला खणखणीत आवाजात हाक मारली, “जावईबापू, ते लोणचं इकडं धाडा की!” वेटरनं लोणच्याची वाटी उचलली, गालातल्या गालात हसत आत्यापुढे ठेवली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याला पहिल्या मिनिटापासून सगळं कळलं होतं.

जेवणाविषयी काय लिहू? काय खाल्लं यापेक्षा हजारात किती कमी पडतंय, हेच आम्ही तिन्ही टेबलांवर खाली मान घालून मोजत होतो. रोटी ऑफरमध्ये धरत नाहीत, हे रोट्या मागवल्यावर कळलं. तिसऱ्या टेबलाचं बिल ८७० वर अडलं, तेव्हा आपण दुरूनच खुणेनं १९० रुपयांचं निळं सरबत मागवायला लावलंत. आत्यानं ग्लास उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, “हे फरशी पुसायचं तर नाही ना?” प्यायली मात्र सगळं. सुनेचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून.

एक गोष्ट मात्र आण्णांच्या मनाला लागली. त्यांनी हिरवी मिरची मागितली. आपल्या तालुक्यातली हिरवी मिरची ट्रक भरभरून परराज्यांत जाते. मिरचीच्या मोसमात सिल्लोडच्या बाजारातून नाकाला रुमाल न लावता चालता येत नाही. आण्णांचा जन्म त्या ठसक्यात गेला. वेटरनं बशीतून ‘ग्रीन सॅलड’ आणलं: काकडीच्या चार चकत्या, गाजर, कांद्याचं एक कडं आणि मधोमध चिरा दिलेली एकुलती एक मिरची. १४० रुपये. आण्णांनी ती मिरची चावली, थांबले, परत चावली. मग मला हळूच म्हणाले, “हिला काही लागलंच नाही.” आपण पलीकडून विचारलंत, “सॅलड ऑफरमध्ये आहे का बघा.”

बिल आलं तेव्हा आपलं खरं रूप दिसलं, आणि इथं मी मनापासून दाद देतो. सेवा शुल्काची ओळ दिसताच आपण उठून काउंटरवर गेलात. जुलै २०२२ चे ग्राहक प्राधिकरणाचे निर्देश, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम केले, सेवा शुल्क गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, सक्तीनं लावता येत नाही. सगळं तोंडपाठ. मॅनेजरनं निमूटपणे ती ओळ काढली. कायदा आपल्याच बाजूनं होता. मग, सेवेचे पैसे मर्जीनं द्यायचे असतात हे एवढं पटवून दिल्यावर, आपली मर्जी बडीशेपेच्या वाटीखाली दिसली. दहाची एक नोट. तीन टेबलांत मिळून.

तो पोरगा तिन्ही टेबलांना दहा वेगळी ताटं, दहा पाण्याचे ग्लास आणि एक निळं सरबत देत फिरला होता. त्याच्या पायांना कुठं फ्लॅट फिफ्टी होती? ऑगस्ट २०१९ मध्ये हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं, एनआरएआयनं, एकावर एक फुकट देणाऱ्या अ‍ॅपच्या योजनांतून बाहेर पडायची मोहीम काढली होती. गुरुग्रामपासून सुरुवात झाली आणि हजारावर हॉटेलं त्या योजनांतून लॉगआउट झाली. त्यांचं म्हणणं एवढंच की सूट अ‍ॅप जाहीर करतं, गिऱ्हाईक अ‍ॅपला दुवा देतं आणि निम्मं ताट आमच्या गल्ल्यातून जातं. आपल्यासारखी माणसं तेव्हाही होती. त्यांच्याकडे ही बातमी पोचली असेल, पण तिच्यावर काही ऑफर नसल्यामुळे कुणी वाचली नसावी.

हिशेब लिहून ठेवलाय, नाराज होऊ नका. तीन टेबलांचे तीनशेप्रमाणे वाचले नऊशे. सिल्लोडहून जाण्यायेण्याचं डिझेल आठशे. टेबल राखून ठेवायचे अ‍ॅपनं पन्नासप्रमाणे घेतले दीडशे. हे परत मिळतात असं आपण म्हणाला होतात, अजून वाट बघतोय. निव्वळ बचत उणे पन्नास रुपये. निळं सरबत मी यात धरलेलं नाही, ते आरोग्याच्या खात्यावर टाकलंय.

परतताना दहाच्या सुमारास सगळ्यांना पुन्हा भूक लागली. साडेसहाचं जेवण ते, किती वेळ टिकणार? गावाजवळच्या ढाब्यावर थांबलो. एकाच टेबलावर बसलो, दोन बाकडी जोडून. शेवभाजी, भाकरी, ठेचा, मुठीनं फोडलेला कांदा. पोरानं आपली शिकवण लक्षात ठेवून ढाबेवाल्याला विचारलं, “काका, ऑफर काय आहे?” तो म्हणाला, “रस्सा लागंल तेवढा घे.” आपलं अ‍ॅप सिल्लोडात उघडलं की ‘आम्ही लवकरच तुमच्या भागात येत आहोत’ असं सांगतं. त्यांना माझा निरोप द्या, घाई नाही म्हणावं.

आता मुख्य विनंती. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याचा महिना. आण्णांनी आपल्याला आणि ताईला जेवायला बोलवायचं ठरवलंय, आणि यंदा व्यवस्था माझ्याकडे दिलीय. आपल्याला परकं वाटू नये म्हणून सगळं आपल्या पद्धतीनं योजलंय. वाणाच्या तेहतीस अनारशांवर फ्लॅट फिफ्टी; साडेसोळा मिळतील, अर्धा कुठला ते आई ठरवील. पुरणाचे धोंडे सोमवार ते गुरुवार, दुपारी साडेतीन ते साडेचार या वेळेतच वाढले जातील. तूप ऑफरमध्ये धरलेलं नाही. चांदीच्या वाटीवर कमाल मर्यादा लागू आहे. दुसऱ्या कुठल्याही वाणाबरोबर हे वाण जोडून मिळणार नाही आणि एका जावयाला एकदाच. ताईनं वेगळ्या फोनवरून वेगळं टेबल घेतलं तर तिची व्यवस्था निराळी होईल, फक्त तिनं आपल्याला ओळख दाखवू नये. फक्त २ पाट शिल्लक आहेत, त्वरा करावी.

आण्णांचा आशीर्वाद, आईचा नमस्कार. आत्या विचारतेय, निळं सरबत करायचं का?

आपला आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा, सिल्लोड

ता. क. : वाढणाऱ्या बाईंची मर्जी आपल्या मर्जीवर राहील.